रविवारचं सरपण

आमच्या घरातलं कोणी नुसतं फिरायला म्हणून कधी बाहेर पडलं नाही. चालायचे सगळेच, आणि पायाचे तुकडे पडेस्तोवर चालायचे. पण चालण्याला काहीतरी काम लागायचं. विहीर, रान, बाजार, लग्न, मयत. काम नसेल तर माणसानं घरी बसून काम शोधावं, असा आईचा कायदा होता. त्या कायद्याचं दुसरं कलम असं, की बाहेर गेलेल्यानं हात हलवत परत यायचं नाही. वाटेत बाभळीची काटकी दिसली, उचल. वाळलेली शेणी दिसली, उचल. एकदा मावशीच्या लग्नाहून येताना आईनं नव्या लुगड्याच्या ओच्यात चार ढलप्या आणल्या होत्या. वडील हसले, तर तिनं त्याच ढलप्यांवर चहा केला आणि कप त्यांच्यापुढं आदळला.

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या बाजूचा आमचा मुलूखच तसा होता. झाड म्हणजे बांधावरची बाभळ, नाहीतर देवळामागचा लिंब. सरपणावरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एका भांडणात तर मी स्वतःच होते.

जंगल मी पहिल्यांदा पाहिलं ते पुस्तकात. नगरला अध्यापन विद्यालयात शिकत होते तेव्हा इंग्रजीच्या पुस्तकात एक धडा होता. विलायतेतलं एक खेडं, चारी बाजूंनी गर्द झाडी. त्या खेड्यातला एक गृहस्थ रविवारी जेवण झाल्यावर हातात काठी घेऊन बाहेर पडतो. झाडीतून चालतो, निळी फुलं बघतो, ओढ्यावरच्या दगडी पुलावर बसतो आणि घरी येतो. संपला धडा. आम्ही मुलींनी बाईंना विचारलं, "पण तो गेला कशाला?" बाई म्हणाल्या, "हवा खायला." वर्गात हशा पिकला. मीही हसले. पण खरं सांगायचं तर तो धडा मला मनापासून आवडला होता. मी तो घोकून पाठ केला. परीक्षेसाठी केलाच, पण तेवढ्यासाठी नाही. कामाशिवाय चालणारा माणूस मला त्यात पहिल्यांदा भेटला होता. आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. त्या झाडीत गळून पडलेल्या वाळक्या फांद्या गावातल्या गरिबांनी न्याव्यात, असा तिथला जुना हक्क होता. विलायतेतल्या लोकांना अक्कल आहे, असं मला त्यावरून वाटलं.

बहात्तर साली दिवाळी झाल्यावर मला नेमणुकीचा कागद आला. आमच्याकडं ज्वारी उभी वाळली होती. वडील आणि भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडत होते. भावकीतल्या लोकांनी मला शिकवण्यावरून वडिलांना पुरतं छळलं होतं. "पोरगी मास्तरीण व्हनार हाय म्हनं!" असं म्हणून पारावर खिदळायचे. त्यामुळं कागद आला तेव्हा वडिलांनी तो खडीच्या ढिगावर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. वाचता त्यांना येत नव्हतं. मी आदल्या दिवशी दोनदा वाचून दाखवला होता, तेवढ्यावर त्यांनी भागवलं.

नेमणूक अकोले तालुक्यात होती, राजूरच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका गावात. आणि ती कच्ची होती. त्या गावातली एकशिक्षकी शाळा तीनदा बंद पडली होती. पहिला शिक्षक पावसाला कंटाळून गेला, दुसरा बिबट्याला भिऊन आणि तिसरा कारण न सांगताच. कचेरीतल्या साहेबांनी मला उभ्याउभ्याच सांगितलं, "जानेवारीत तपासणी होईल. मुलं बसलेली दिसली तर शाळा राहील. नाहीतर जूनपासून बंद." शाळा बंद म्हणजे मी घरी. मी घरी म्हणजे पारावरचे लोक आणि माझे वडील. दुसरं काही बोलायची गरज नव्हती.

राजूरला एसटीतून उतरले तेव्हा बाजार उठत आला होता. मीठमिरची टोपलीत भरून घेतलेली एक बाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक. "शाळंच्या बाई तुमीच का?" असं विचारून तिनं माझी पत्र्याची ट्रंक सरळ उचलून डोक्यावर घेतली. तिच्याच घरी माझी राहायची सोय होती. मी ट्रंक तिच्याकडून काढून घेतली. "माझी मी नेते." मैलभर मी ती ट्रंक नेली. मग चढ लागला आणि मी ट्रंक खाली ठेवून त्यावर बसले. तिनं टोपली ट्रंकेवर ठेवली, दोन्ही डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. जिरली असं तिच्या तोंडावर कुठंही नव्हतं, त्याचाच मला जास्त राग आला.

ती वाट मात्र मी विसरले नाही. जन्मात पहिल्यांदा मी तासभर सावलीतून चालले. दोन्ही बाजूंना झाडी, वर झाडी, पायाखाली ओलसर माती. दुष्काळ तिथंही होता, भात अर्धंच आलं होतं; पण झाडांना ते कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. मध्येच वरून काहीतरी लांबलचक तांबडं झेपावलं आणि मी किंचाळले. "शेकरू हाय," घरमालकीण म्हणाली. "ते बी तुमास्नी बघाया आलं." मला तो धडा आठवला. मी मनातल्या मनात तो म्हणत चालले, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

शाळा म्हणजे कारवीच्या कुडाची एक खोली, वर गवताचं छप्पर. पटावर सव्वीस मुलं, पहिली ते चौथी. मी कडक होते. माझा स्वभाव तापट, तोंड त्याहून तिखट, आणि वय बावीस. मुलं बिचारी मुकाट बसायची. मी सांगायची, ती लिहायची. गावातही माझं तेच. कुणी काही म्हणालं की मी त्याला चार गोष्टी समजावून सांगायची. पाणी उकळून प्या. पोरींना शाळेत पाठवा. कुणाला मी काही विचारलंय, असं आठवत नाही. शिक्षिका झाल्यावर आपण विचारायचं नसतं, सांगायचं असतं, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच संध्याकाळी घरमालकीण म्हणाली, "चुलीला सरपान आमच्यातलंच घ्या, बाई. ढीग पडलाय मागं." मी म्हटलं, "मला कुणाचं फुकट नको. माझं मी बघेन."

मग रविवार आले. पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर मी ठरवलं, आज हवा खायला जायचं. एक काठी घेतली, पदर खोचला आणि ओढ्याच्या कडेनं वर निघाले. ओढा जिथं खडकातून निघतो तिथवर गेले. पाणी इतकं गार, की दात कडकडले. तिथं धड्यातल्यासारखी बसले. चार घटका बसायचं ठरवलं होतं, पण चार मिनिटांत चुळबुळायला लागले. बाजूला वाळक्या काटक्या पडल्या होत्या. हात आपोआप गेला. येताना माझ्या डोक्यावर मोळी होती.

पुढच्या रविवारी मी डोंगराच्या सोंडेवर गेले. तिथून खाली सगळा सपाट मुलूख दिसायचा, राखाडी, धुळीत बुडालेला. त्या धुळीत कुठंतरी माझे वडील खडी फोडत होते. मला रडू आलं. रडून झाल्यावर मी मोळी बांधली. त्याच्या पुढच्या रविवारी करवंदीच्या जाळ्यांतून पलीकडच्या घळीत उतरले. हिरडा कोणता, बेहडा कोणता हे मला कळत नव्हतं. सगळी झाडं मला सारखीच दिसायची, फक्त कुणाखाली सरपण जास्त आणि कुणाखाली कमी एवढाच फरक. गावातल्या बाया पाणवठ्यावर हसायच्या. "बाई लई हौशी हायती." मी ताठ मानेनं त्यांच्यासमोरून जायची.

जानेवारीतल्या एका रविवारी मला ती जागा सापडली. गावाच्या वर एका टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, काळपट हिरवी झाडी गोल बसलेली लांबून दिसायची. आत जायला पायवाट नव्हती. आत शिरले तर भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखा उजेड. आंब्याची खोडं अशी, की तिघींनी हात धरले तरी कवेत मावू नयेत. माझ्या मांडीएवढे जाड वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले. मध्ये उंबराखाली शेंदूर लावलेला एक दगड होता. आणि खाली सरपण. गुडघाभर सरपण! पिढ्यान्‌पिढ्या गळून पडलेल्या फांद्या जिथल्या तिथं, कुणी हात न लावलेल्या. मला भोवळ यायची बाकी राहिली. आमच्याकडं अशी जागा सकाळी सापडली असती तर दुपारपर्यंत झाडून साफ झाली असती. हे लोक आळशी तरी आहेत, नाहीतर फार श्रीमंत तरी, असं मला वाटलं. देवाला मी हात जोडले. आमच्या देवळामागच्या लिंबाची काटकी उचलायला आमच्या देवाची कधी हरकत नव्हती. शिवाय विलायतेतला तो जुना हक्क होताच. मी त्या दिवशी बांधली तेवढी मोठी मोळी जन्मात कधी बांधली नव्हती. एक सरळसोट, बोटाएवढी काठी मिळाली, ती शाळेत छडी म्हणून वेगळी काढली.

येताना पाणवठ्यावरच्या बाया एकदम गप्प झाल्या. समोरच्या उतारावर गुरं राखणारी माझी शाळेतली चार-सहा पोरं होती, तीही उभी राहून बघायला लागली. माझी ताकद बघून सगळे थक्क झाले, असा मी अर्थ काढला.

सोमवारी शाळेत एकही मूल आलं नाही.

मी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. अकरापर्यंत दारात उभी राहिले. मग छडी हातात घेऊन घरोघर निघाले. पोरं मला बघून आत पळाली. आया दारात उभ्या राहिल्या, पण बोलायला तयार नाहीत. मी मात्र बोलले. गुरुवारी तपासणी आहे, शाळा गेली तर पुन्हा येणार नाही, तुमची पोरं जन्मभर गुरं राखतील, सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. एकीनं मान खाली घालून नुसतं "व्हय बाई" म्हटलं. मंगळवारीही तेच. मी रिकाम्या खोलीत बसले आणि फळ्यावर तारीख लिहिली. पटसंख्या सव्वीस लिहिली. हजर या शब्दापुढं काय लिहायचं ते सुचेना, म्हणून खडू ठेवून दिला.

त्या दुपारी मी घरी आले ती पेटलेलीच होते. घरमालकीण अंगणात नागली पाखडत होती. रविवारपासून ती माझ्या चुलीकडं फिरकली नव्हती, एरवी दिवसातून दोनदा विस्तव न्यायला यायची. माझा संयम सुटला आणि त्याबरोबर शाळेतली भाषाही सुटली. मी आमच्या कर्जतकडच्या बोलीत ओरडले, "काय चुकलं माझं, ते तरी सांगा की! का असंच मारनार हाय मला समद्यांनी मिळून?"

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. आणि इतकी मोकळी हसली, की मी गोंधळले.

"इचारलं का बाई? लई बरं झालं! आमी परवापास्नं वाट बघतोय."

मग तिनं मला समोर बसवून सांगितलं. ती टेपावरची झाडी देवाची. देवराई. तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी घरी आणत नाही. झाड पडलं तर पडल्या जागी कुजतं. उंबराखालून जो झरा निघतो तोच खाली ओढा होतो आणि त्याच्यावर गाव जगतं. कुणी चुकून काही आणलंच, तर ते परत जाईपर्यंत त्या माणसाच्या छपराखाली लेकरं पाठवायची नाहीत. शाळा माझी, छप्पर माझं.

"मग सांगायचं नव्हतं का कुनी?" मी म्हटलं. "दोन दिस मी दारोदार हिंडले!"

"हिंडलात. पर इचारलं न्हाई," ती म्हणाली. "रीत अशी हाय, की आपन हून सांगायचं न्हाई. सांगितलं तर मानूस भ्यानं परत देतं. नायतर भांडतं. त्यानं सोताहून इचाराया पायजे, की माझं काय चुकलं. मग सांगायचं. मग त्ये मनापास्नं व्हतं."

"आनि मी इचारलंच नसतं तर?"

"तर आमी थांबलो असतो," ती म्हणाली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

मी मागच्या दोन-अडीच महिन्यांत या गावात किती बोलले होते! आणि मला एक प्रश्न सुचला नव्हता. मला लाज वाटली, खरीखुरी, कानशिलं तापण्याइतकी. आणि भीतीही वाटली, कारण त्या मोळीतली चांगली पाव हिस्सा लाकडं मी रविवारी आणि सोमवारी जाळून बसले होते. त्यांवर भाजलेल्या भाकरी पोटात गेल्या होत्या. त्या कुठून परत देणार?

बुधवारी सकाळी मी मोळी बांधली. चुलीतली राख एका पत्र्याच्या डब्यात भरून घेतली, घरमालकिणीनं तसं सांगितलं होतं. मोळी उचलायला मी तिच्याकडं बघितलं. ट्रंक उचलणारी ती बाई हात मागं बांधून उभी होती. "ज्यानं आनलं त्यानंच न्यायचं," ती म्हणाली. मी गुडघ्यावर बसून मोळी डोक्यावर चढवली आणि निघाले. ती माझ्यामागून रिकाम्या हातांनी चालायला लागली. पहिल्या घरावरून गेले तर दारातून दोन पोरं बाहेर आली आणि तिच्यामागं लागली. पुढच्या घरातून तीन. टेपाखाली पोचले तेव्हा मागं वळून बघितलं, तर माझी सगळी शाळा मागून येत होती.

देवराईच्या तोंडाशी एक म्हातारा बसला होता. देवराईची राखण त्याच्या घराण्याकडं. मला वाटलं, आता हा मला चारचौघांत झापणार. तो म्हणाला, "ठिवा आता, जिथलं तिथं."

जिथलं तिथं! मी मोळी सोडली आणि त्या काटक्यांच्या ढिगाकडं बघत राहिले. शंभरावर काटक्या. कुठली कुठून उचलली, देवालाच ठाऊक. मला तर सगळी झाडं सारखी. मी म्हाताऱ्याकडं बघितलं, घरमालकिणीकडं बघितलं. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या विद्यार्थ्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत आहे का रे?"

तिसरीतली एक मुलगी, जी वर्गात पाढा म्हणताना रडायची, पुढं झाली. तिनं एक काटकी उचलून नाकाला लावली. "ही हिरड्याची. त्या वाकड्या हिरड्याखालची, बाई." आणि पळत जाऊन ती ठेवून आली. मग सगळीच तुटून पडली. ही जांभळीची. ही मोठ्या आंब्याची, दगडाच्या अंगाची. ही वेलाची, ही फांदी नव्हंच. ही ऐनाची, पण ऐन दोन हायती, ही वरच्याची. चुकलं तर एकमेकांना दुरुस्त करत होती, वाद घालत होती. मी म्हटलं, "अरे, पण तुम्हाला कसं कळतंय?" एक जण माझ्याकडं दयेनं बघून म्हणाला, "बाई, हितं काय बी हलत न्हाई. मंग हललेलं दिसतंच की."

त्यांच्या मागं मागं मी फिरले. प्रत्येक काटकी मी माझ्या हातानं ठेवायची आणि जागा त्यांनी दाखवायची, असं म्हाताऱ्यानं मध्येच ठरवून टाकलं. दुपार झाली. कोणत्या सालीला कसला वास, कुणाच्या पानाला किती शिरा, शेकरू कोणत्या फाट्यावर घरटं करतं, कोणत्या ढोलीत घुबड, हे सगळं मला त्या दिवशी कळलं. दोन-अडीच महिने रविवार न चुकवता मी या झाडीत हिंडले होते आणि मला फक्त सरपण दिसलं होतं. मी थकले होते, हात खरचटले होते, आणि मी इतकी खूश होते, की तपासणीची आठवणसुद्धा नव्हती.

शेवटी राखेचा डबा राहिला. म्हाताऱ्यानं ती उंबराच्या मुळाशी ओतायला सांगितली. "लाकडाची राख हुतीच की कधीतरी," तो म्हणाला. "आपल्या वाटंनं आली, एवढंच." मी राख ओतली, हात जोडले आणि निघाले. तर तीच तिसरीतली मुलगी आडवी आली. सगळी पोरं तिच्यामागं तोंडावर हात धरून हसू दाबत होती.

"बाई," ती म्हणाली, "छडी ऱ्हायली."

छडी शाळेतच होती, फळ्याच्या खाली. मी खाली गेले, छडी घेतली आणि तो सगळा चढ पुन्हा चढून आले. पोरांनी मला ती छडी जिथून उचलली ती जागा दाखवली, आणि मी ती ठेवली तेव्हा मात्र त्यांना हसू आवरलं नाही. मलाही आवरलं नाही. म्हाताराही हसला. देवराईत एवढा आवाज बहुधा कधी झाला नसावा.

उतरताना म्हातारा घरमालकिणीला हळूच म्हणाला, पण मला ऐकू गेलं, "चूक आपली बी हाय. बाईला सरपान लागतंय, ह्ये गावाला कळाया पायजे हुतं." ती म्हणाली, "मी दिल्तं. त्यास्नी नको हुतं." मी मध्येच तोंड घातलं. "मला हवंय," मी म्हटलं. "द्याल का?"

गुरुवारी मी घंटेच्या आधी शाळेत गेले. पोरं आली. प्रत्येकाच्या एका हातात पाटी होती आणि दुसऱ्या काखेत लाकूड. कुणाचं मोठं, कुणाचं चिंचोके भाजायलाही न पुरणारं. गावाच्या रानातलं, देवराईबाहेरचं, हे प्रत्येकानं मला वेगवेगळं सांगितलं. भिंतीला लागून त्यांनी ढीग रचला आणि ओळीत बसली. मी मोजली. सव्वीस. पुन्हा मोजली, कारण पहिल्यांदा डोळे भरून आल्यामुळं आकड्याचा भरवसा वाटेना.

तपासणीचे साहेब राजूरहून चालत आले ते घामाघूम. दारातच थबकले. "ही शाळा आहे की लाकडाची वखार?"

"शाळाच आहे, साहेब," मी म्हटलं. "बसा ना."

त्यांनी वाचन घेतलं, पाढे घेतले. तिसरीतली मुलगी सातच्या पाढ्यात अडखळली, पण रडली नाही. नकाशावर दाखवायला त्यांनी छडी मागितली. "छडी नाही, साहेब," मी म्हटलं, आणि पोरांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. साहेबांनी छत्रीच्या टोकानं भागवलं. शेवटी उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "बरं, तुमच्या इथल्या झाडांची नावं कोण सांगेल?" एकेकाला उभं करायची गरज पडली नाही. साहेबांना हात वर करून थांबवावं लागलं. जाताना शेऱ्याच्या वहीत लिहून गेले, शाळा सुरू ठेवावी.

मी तिथं नऊ वर्षं राहिले. रविवारी फिरायला जातच राहिले. बसायलाही शिकले.

त्या पहिल्याच वर्षी मे महिन्यात आई आली. आमच्याकडं पाण्याचे हाल होते. चार दिवस पोटभर पाणी पिऊन ये, असं म्हणून वडिलांनीच तिला एसटीत बसवून दिलं होतं. झऱ्याचं पाणी दाखवायला मी तिला टेपावर घेऊन निघाले. पाच-सहा पोरं बरोबर होतीच. मी तिला शाळेचं काहीबाही सांगत होते, आणि देवराईत शिरल्यावर मुद्द्याचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती वाकली. वळून बघते तर तिच्या हातात आंब्याची चांगली हातभर लांब काटकी, आणि दुसरा हात पुढच्या काटकीकडं निघालेला.

पोरं जागच्या जागी उभी राहिली. तिसरीतल्या मुलीनं माझ्याकडं बघितलं, डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. मी जीभ चावून उभी राहिले. आईचा स्वभाव माझ्याहून तापट. ती आता काय करेल, याचा नेम नव्हता.

आईनं मान वर केली. एवढी बोलकी पोरं एकाएकी चिडीचूप का, म्हणून सगळ्यांकडं एकदा बघितलं. मग माझ्याकडं.

"काय गं," ती म्हणाली, "माझं काय चुकलं का?"

पोरांनी एकदम गलका केला आणि तिचा हात धरून तिला त्या आंब्याकडं ओढत नेलं. मी तिथंच उभी राहून बघत होते. मला तीन दिवस लागले होते.